चौसष्ट किलोचे बाबा

जिज्ञासाच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं. आधी जिना उतरताना वाटीखाली नुसतं टोचायचं. मग स्क्वॉट मारून उठताना कळ यायला लागली. हेंद्रेपाड्याच्या व्यायामशाळेत ती नऊ वर्षं वेटलिफ्टिंग करत होती आणि राज्य स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आली होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. गुडघ्यावर पट्टी आवळायची, गोळी घ्यायची आणि बार उचलायचा.

घरीही उचलणं होतंच. तिचे बाबा, नाथा, अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आई उल्हासनगरला जीन्स शिवायला जायची, ती संध्याकाळी सातलाच परतायची. तोवर बाबांना पलंगावरून उठवणं, संडासला नेणं, परत आणून झोपवणं जिज्ञासाकडे. ते राहायचे त्या मांजर्लीतले शेजारी म्हणायचे, "नाथाभाऊ, नशीबवान आहेस. पोरगी पैलवान निघाली." बाबा अर्ध्या तोंडानं हसायचे. तिला व्यायामशाळेत पहिल्यांदा तेच घेऊन गेले होते.

एका संध्याकाळी आई परतल्यावर ती सरावाला गेली, तेव्हा प्रशिक्षक श्रीपाद सरांनी तिचा सेट मध्येच थांबवला.

"उजवा पाय वाचवतेयस. किती दिवस झाले?"

"तीन महिने, सर."

सर रागावले नाहीत. त्यांनी बारवरच्या प्लेटा उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला उल्हासनगरला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. संजीवनी मॅडमनी वाटीखाली अंगठा दाबला तशी जिज्ञासा कळवळली.

"टेंडन दुखावलाय. भार कमी कर, भिंतीला टेकून बसायचा व्यायाम रोज कर. तीन-चार महिन्यांत बरं होईल. यंदाची चाचणी मात्र विसर. घरी काही जड उचलतेस?"

"बाबांना."

"वजन किती त्यांचं?"

"चौसष्ट किलो."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "ते बंद करता येईल?"

जिज्ञासानं पट्टी पुन्हा गुडघ्यावर आवळली. चाचणीला तिच्याऐवजी व्यायामशाळेतली प्रीती गेली. घरी तिनं एवढंच सांगितलं, की यंदा वजनगटात बसले नाही.

पण एका दुपारी बाबांना उचलताना गुडघ्यात मोठ्यानं कट्‌ झालं आणि ती त्यांच्यासकट पलंगावर बसली. "काय नाय बाबा, पाय सरकला," ती म्हणाली. बाबा तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर बाबांनी हाका मारणं कमी केलं. दिवसातून चार वेळा न्यावं लागायचं, ते एकदाच व्हायला लागलं. पाण्याचा पेला पुढे केला की ते मान हलवायचे. जिज्ञासाला बरंच वाटलं. पायाला आराम मिळत होता. पुढे कितीतरी दिवस तिला छळलं ते या बरं वाटण्यानंच.

दहाव्या दिवशी बाबा तापानं फणफणले, असंबद्ध बोलायला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "लघवीत इन्फेक्शन आहे, अंगात पाणीच नाही. पाणी देत नव्हता का यांना?"

आईनं जिज्ञासाकडे पाहिलं.

सलाइन लागल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, पाणी का नाय पीत होतास?"

ते ओठ जुळवत बसले. शब्द एकेक करून आले. "तुझा गुडघा... वाजतो. मला... ऐकू येतं."

"मग मला सांगायचं ना."

"तू... थांबली असतीस?"

बाबा घरी आले ते अगदीच खचून. आता त्यांना बसवतही नव्हतं. डायपर लागले, सगळं पलंगावरच. त्यांना उचलून कुठे न्यायची गरजच उरली नाही. जिज्ञासा दर तासाला चमच्यानं पाणी पाजायची आणि ते डोळे मिटून, तिचं ऐकावं तसे, प्यायचे.

जूनपर्यंत तिचा गुडघा बरा झाला. श्रीपाद सरांनी रिकामा बार तिच्या खांद्यावर दिला. ती खाली बसली, सरळ उठली.

"दुखतंय?"

"नाही सर. अजिबात नाही."

तिनं बार स्टँडवर ठेवला आणि तिथेच लाकडी फळीवर बसून रडायला लागली. सरांनी व्यायामशाळेतल्या बाकीच्या मुलींना बाहेर पळायला पाठवलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.