अकरा टाचण्या

माजा स्वभाव तापट हाय. आमच्या कडाव गावात कुणालाही विचारा, गोदूबाईच्या वाटेला जाऊ नका म्हणूनच सांगतील. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाय, उलट जरा बरंच वाटायचं. पण त्या चैतात माज्या हातून जे झालं त्याच्यानंतर ते बरं वाटणं गेलं.

आमच्या ह्यांना पौषात अर्धांगवायू झाला. पहाटे म्हशीची धार काढायला बसले नि तिथंच कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं नि वाचा बसली. सायकलला दोन कॅन लावून रोज कर्जतला दूध घालणारा माणूस, तो ओटीवर वाकळेवर पडून राहिला. तोंडातून निघायचं ते नुसतं "आ". तहान लागली तरी आ, माशी बसली तरी आ. पोरगी पळसदरीला दिलेली, तिचा संसार तिला. घरात आमी दोघंच.

पण ह्यांचं सगळं मला कळायचं. जाऊ मोतीबाई शेजारच्याच घरात, ती म्हणायची, "गोदे, त्या एका आ मधलं तुला काय गं समजतं?" मी म्हणायची, "बावीस वर्सं संसार केलाय. मला नाय समजणार तर काय तुला समजणार?" लई तोरा होता मला त्याचा.

गावानं आधीच ठरवलं होतं की हे बाहेरचं हाय, कुणीतरी करणी केलीय. भिवाजी भगतानं अंगारा लावला, कोंबडं उतरून टाकलं, काय फरक नाय. मंग माघात इद्रिस टांगेवाला भेटला. कर्जत स्टेशन ते कडाव टांगा त्याचाच. तो म्हणाला, "वैनी, कर्जतला टिपणीस डॉक्टर आलेत. कलकत्त्याला सुयांची विद्या शिकलेत. माज्या आईचा गुडघा मोकळा केला त्यांनी. चांगोदादांना एकदा दाखवा." बुडत्याला काडीचा आधार. मी म्हटलं, आण.

डॉक्टर दर गुरुवारी यायला लागले. बारीक अंगाचे, चष्मा, आवाज इतका हळू की कान द्यावा लागायचा. केसासारख्या बारीक सुया. ह्यांच्या हाताला, पायाला, गालाला टोचायच्या नि घटकाभर तशाच ठेवायच्या. मी विचारलं, ह्यानं होतं काय? तर म्हणाले, "बाई, शेताला पाटाचं पाणी देता ना? अंगातही तशाच वाटा असतात. यांच्या उजव्या अंगातल्या वाटा तुंबल्यात, वाईट वारा आत कोंडून बसलाय. सुईनं त्याला बाहेर काढायचं, मग चांगलं पुन्हा वाहायला लागतं." हे मला पटलं. तुंबलेला पाट मी जन्मभर मोकळा करत आलेली.

मंग त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. "पहिल्या तीन महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. त्यानंतर हात दगड होतो. मध्ये खंड पडता कामा नये."

पाचव्या गुरुवारी तोंड सरळ व्हायला लागलं. सहाव्याला उजव्या हाताची दोन बोटं हलली. मी ती बोटं दोन्ही हातांत धरून रडले, मला लाज नाय सांगायला. मोतीबाई दारात उभी राहून बघत होती. जाताना हळूच म्हणाली, "ज्याला काढता येतं त्याला घालताही येतं, गोदे. जपून रहा." मी तिच्यावर खेकसले. पण शब्द कानात शिरला तो शिरलाच.

सातव्या गुरुवारी मी शेतावर होते. रोपं टाकायच्या जागेवर पाला नि शेण पसरून जाळतात, त्याला आमच्यात राब भाजणं म्हणतात. दर वर्साला हे करायचे, त्या वर्साला मी. डॉक्टर दुपारी यायचे, म्हणून सकाळीच उरकत होते. पण काड्यापेटी घरी विसरलेली, म्हणून मागच्या दारानं परत आले. बाहेर चिंचेखाली इद्रिसचा टांगा दिसला. डॉक्टर आज लवकर कसे, असं मनात आलं नि मी ओटीवर पाऊल टाकलं.

ह्यांच्या उशाशी एक बाहुला उभा होता.

हातभर उंच, रबराचा, मेणाच्या रंगाचा उघडा पुरुष. अंगभर काळ्या रेघा नि ठिपके. नि त्याच्या अंगात टाचण्या खुपसलेल्या, लाल डोक्याच्या. डावं अंग साफ मोकळं. उजव्या हातात टाचण्या, उजव्या पायात टाचण्या, गालात टाचणी. जिथं जिथं माजा नवरा मेला होता, तिथं तिथं.

करणी कशी करतात ते लहानपणापासून ऐकलेलं, बघितली कधी नव्हती. ती माज्या ओटीवर, माज्या नवऱ्याच्या उशाला उभी होती, नि करणाऱ्याला मी सहा गुरुवार चहा पाजला होता.

मला बघून हे धडपडायला लागले. "आ, आ, आ." डाव्या हातात एक कागद चुरगळलेला, तो माज्याकडं करत होते. मंग कागद टाकला नि तोच हात स्वतःच्या गळ्याकडं नेला. पुन्हा बाहुल्याकडं, पुन्हा गळ्याकडं. डोळे मोठे झालेले. मला लगेच कळलं. मला ह्यांचं सगळं कळायचं ना.

"गळा दाबला," मी ओरडत बाहेर आले. "डॉक्टरनं ह्यांचा गळा दाबला, करणी केलीय, बाहुला हाय घरात."

डॉक्टर विहिरीवर हात धूत होते. माज्या हातात राब ढोसायची काठी होती. पहिला घाव मीच घातला, खांद्यात. मंग आळीतले पुरुष धावले. चष्मा फुटला, सदरा फाटला, ओठातून रक्त आलं. इद्रिस मधे पडला नसता तर मारूनच टाकला असता. इद्रिस त्यांच्या अंगावर ओणवा झाला नि चार लाथा त्यानं खाल्ल्या. डॉक्टर ओरडले नाय की शिवी दिली नाय. टांग्यात चढता चढता माज्याकडं बघून एवढंच म्हणाले, "बाई, त्यांना विचारा."

मी थुंकले. वाचा गेलेल्या माणसाला विचारा म्हणतो. केवढा निर्लज्ज, असं वाटलं मला.

घरात येऊन मी बाहुल्यातली एक टाचणी रागारागानं उपटली नि भिरकावली. तेवढ्यात भिवाजी भगत आला नि माजा हात धरला. "अशा उपटायच्या नाय, गोदूबाई. एकेक काढायची, ती जागा तोंडानं बोलायची नि सोड म्हणायचं. तरच तिथली बाधा सुटते." मंग मी तसंच केलं. अंगठा नि पहिल्या बोटाच्या बेचक्यातली काढली, म्हटलं सोड. मनगटाच्या वर तीन बोटं, सोड. कोपराच्या घडीशी, सोड. खांद्याच्या खळीत, सोड. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरून, सोड. अशा दहा. टाचण्या लिंबात खोचून शिवेवर पुरल्या. बाहुला माज्याच राबात जाळला. त्या रबराची घाण दोन दिवस शेतावरून हटली नाय.

उरला कागद. मला नि भगताला अक्षर येत नाय. भगत म्हणाला, "हा कुणाकडून वाचून घेऊ नकोस, वाचणाऱ्यावर उलटंल. अवसेपर्यंत पाट्याखाली दाबून ठेव, अवसेला जाळू." अवस नऊ दिवसांवर होती. मी कागद पाट्याखाली सारला.

त्या नऊ दिवसांत ह्यांनी धड अन्न घेतलं नाय. मी घास पुढं केला की तोंड फिरवायचे. मंग "आ" करून हात गळ्याकडं. मला वाटलं, तिथली बाधा अजून सुटली नाय. मी भगताकडून काळा दोरा आणून गळ्यात बांधला. ह्यांनी तो डाव्या हातानं तोडून फेकला. मी पुन्हा बांधला, ह्यांनी पुन्हा तोडला. मोतीबाई म्हणाली, "आतलं तोडतंय ते, ह्यो तोडत नाय." मी मान डोलावली. सातव्या दिवशी बघितलं तर उजव्या हाताची ती दोन बोटं हलायची थांबली होती. मी चोळली, हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. बोटं गार नि ताठ.

अवसेच्या सकाळी इद्रिस आला. टांगा लांब ठेवून चालत आला होता, एक पाय ओढत. अंगणातच उभा राहिला, वर ये म्हटलं नाय मी.

"भांडायला नाय आलो, वैनी," तो म्हणाला. "डॉक्टर काल कलकत्त्याला गेले. दोन महिन्यांसाठी ते त्याच दिवशी जाणार होते, म्हणून तर लवकर आले, पण मार बसला म्हणून आठ दिवस राहिले. गाडीत बसताना त्यांनी मला एकच विचारलं. गोदूबाई दाबतायत का?"

"काय दाबतायत?"

"त्या जागा. कागदावर लिहून दिलंय ना तुमाला."

मी पाट्याकडं बघितलं. तरी तोंडाची खोड जाईना. मी म्हटलं, "वाच, तुज्यावर उलटलं तर मला सांगू नको." पाट्याखालून कागद काढून त्याच्या पुढ्यात टाकला. त्यानं तो उचलला, मांडीवर सारखा केला नि वाचला. सहा-सात ओळीच होत्या. त्या मला अजून पाठ हायत.

गोदूबाईंस नमस्कार. मी दोन महिने नाही, पण उपचारात खंड पडू देऊ नका. ही बाहुली तुमच्यासाठी ठेवली आहे. तिला अकरा ठिकाणी टाचण्या लावल्या आहेत. त्या अकरा जागी यांना रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्यानं दाबा, प्रत्येक जागी शंभर अंक मोजेपर्यंत. हात आणि बोलणं दोन्ही येईल अशी मला आशा आहे. यांना मी सगळ्या जागा नीट दाखवल्या आहेत. तुम्ही विसरलात तर यांना विचारा. यांना सगळं कळतं.

इद्रिसनं कागदाची घडी घातली. "बाहुली कुठंय, वैनी?"

मी तोंड उघडलं तर शब्द फुटेना. गावात जिच्या तोंडाला कुणी लागत नाय ती मी, नि मला साधं "जाळली" म्हणता येईना. माज्या तोंडातून नुसतं आ असं काहीतरी आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर नव्हताच कुणी. नऊ दिवस मी माज्या नवऱ्याचा हात माज्या हातानं दगड करत बसले होते, नि तो मला नऊ दिवस सांगत होता.

मी ओटीवर गेले. हे भिंतीकडं तोंड करून होते. मी पायांशी बसले नि म्हटलं, "अवं, माजं चुकलं." हे वळले नाय. वळावं तरी कशाला.

मंग मला आठवलं. बाहुली जळाली, टाचण्या शिवेवर, पण जागा माज्या तोंडातूनच एकेक वदवून घेतल्या होत्या भगतानं. मी उजवा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या बेचक्यात दाबलं. मला शंभर मोजता येत नाय, विसा येतात. पाच विसा मोजल्या. मनगटाच्या वर तीन बोटं, पाच विसा. कोपराची घडी. खांद्याची खळी. इद्रिस अंगणातूनच बघत होता. गाल झाला, गुडघा झाला, पायाच्या बोटांपर्यंत आले. दहा झाल्या.

अकरावी काय केल्या आठवेना. ती मी भगत यायच्या आधीच उपटलेली, रागात, कुठून ते न बघता. मी कपाळ चाचपलं, कान चाचपला, छाती चाचपली.

"अवं," मी म्हटलं, "एक राहिली. तुमी सांगा."

बावीस वर्सांत हा प्रश्न मी ह्यांना पहिल्यांदा विचारला असेल. हे भिंतीकडून वळले. मंग डाव्या हातानं माजा अंगठा धरला, वर नेला नि हनुवटीच्या खाली, गळ्याच्या घाटीवर आणून टेकवला. तिथं तोडलेल्या दोऱ्याचे वळ होते.

"आ," हे म्हणाले.

अंगठ्याखाली तो आवाज मला लागला. मी एक, दोन, तीन मोजायला लागले, नि ह्यांनी माजा हात सोडला नाय.