प्रत्येक ठिकाणी विचारून

वनजाक्षीचं पत्र आलं तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. आता दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवून झाली. तिनं लिहिलं होतं, "इथल्या मुली इंग्रजी पुस्तक उघडतात आणि मिटून ठेवतात. संगणकाच्या फाइलमध्ये शब्द शोधायचा कसा, बदलायचा कसा, ते तुम्ही मला जसं शिकवलंत तसंच कन्नडमध्ये लिहून द्या. वीसेक पानं पुरेत. मी मुलींना सांगून ठेवलंय, बेंगळूरूहून पुस्तक येतंय."

मी उत्तर दिलं नाही. आधी पानं लिहू, मग त्यांच्यासोबतच पत्र पाठवू, असं ठरवलं. पानं लिहिली, पण मनासारखी उतरली नाहीत. आणि मग इतका उशीर झाला की नुसतं पत्र पाठवायचीही लाज वाटू लागली.

सागर गावातल्या शाळेत शिकवायला जाण्याआधी वनजाक्षी आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या पडद्यावर काम करायची. संगणकाची खोली तेव्हा देवघरासारखी होती. चपला दाराबाहेर काढायच्या. आत इतका गारठा की भर मे महिन्यात माझ्या गळ्यात मफलर असे. तिची बोटं वाऱ्यासारखी चालायची. मी मात्र एक आज्ञा टंकायच्या आधी तीनदा वाचायचो. कोणाला विचारायला संकोच वाटे, म्हणून संपादकाची, म्हणजे आम्ही ज्यात टंकायचो त्या प्रोग्रॅमची, जाडजूड माहितीपुस्तिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती. माझी हुशारी म्हणतात ती एवढीच.

एका दुपारी तिनं करवसुलीच्या प्रोग्रॅममध्ये 'टॅक्स' हा शब्द एका आज्ञेत सगळीकडे बदलून 'लेव्ही' केला आणि फाइल जतन करून टाकली. संध्याकाळी साहेबांनी प्रोग्रॅम चालवून पाहिला, त्यांच्या हातून काही चुकलं, आणि पडद्यावर आलं, 'सिनलेव्ही एरर'. 'सिंटॅक्स'च्या पोटातला टॅक्ससुद्धा बदलला गेला होता.

"काय गं," आमचा नंजुंडा म्हणाला, "व्याकरणावरही कर बसवलास?"

ती हसली खरी, पण साहेब गेल्यावर तिनं खुर्ची माझ्याकडे ओढली. "पट्टाभि सर, तुमचं असं कधी होत नाही. का?"

"मी आधी नुसतं शोधतो," मी म्हणालो. "एकेका ठिकाणी जाऊन आजूबाजूला काय आहे ते बघतो. मग पूर्ण शब्दच धर असं सांगतो. आणि बदलताना प्रत्येक ठिकाणी मला विचार, असंही सांगतो. हो की नाही."

"प्रत्येक ठिकाणी? अहो महाराज, म्हातारी होईन मी."

"होशील. पण चुकणार नाहीस."

तिला आणखी एक खोड होती. 'रिटर्न'मधली अक्षरं तिच्या बोटांखाली हमखास उलटी पडत. मी तिच्या संपादकाला शिकवून ठेवलं की ही बाई असं टंकू लागली की तू आपणहून नीट कर. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरं केलंत. आता मला सुधारायला नको. यंत्रालाच माझी सवय झाली."

त्या खोलीत मी कोणाशी एवढं बोललो असेन असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात गांधी बझारमध्ये नंजुंडा भेटला. आम्ही एक कॉफी दोघांत घेतली. तो सागरला लग्नाला जाऊन आला होता.

"वनजाक्षी भेटली. निवृत्त झाली, तरी घरी मुलींना शिकवते. अजून सांगते म्हणे, बेंगळूरूहून पुस्तक येतंय. पोरी हसतात."

मी कप खाली ठेवला.

"दसऱ्यानंतर वर्ग बंद. लेकाकडे मंगळूरूला जाणार आहे. आणि तसंही आता कोणाला हवंय रे ते? यंत्र स्वतःच सगळं सुधारतं."

"कोणत्या ठिकाणी सुधारलं ते विचारत नाही ना पण," मी म्हणालो.

"मग हे मला कशाला सांगतोस? तिला सांग."

घरी येऊन जुनी पानं काढली आणि पुन्हा टंकायला बसलो. त्याच संपादकात, फक्त आता त्यात कन्नडही टंकता येतं. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा मजकूर संपला. वाचू लागलो, तर दर परिच्छेदात माझं 'बहुधा' होतं. बहुधा असं करावं. बहुधा हे सोपं जाईल. शिकणाऱ्या मुलीनं यातून काय घ्यायचं? मी 'बहुधा' शोधायला सांगितलं. पडदा त्या शब्दानं उजळून निघाला, जणू शेतात तण माजलं होतं.

बदलायची आज्ञा दिली. अर्थात, प्रत्येक ठिकाणी विचारून. इथला काढू? मी थांबलो, विचार केला, हो म्हटलं. इथला? थांबलो. तिसऱ्या पानापर्यंत चहा गार झाला. एका ठिकाणी मी नाही म्हटलं, मग मागे जाऊन तोही काढला. याच वेगानं गेलो तर दसरा उलटेल हे मला कळत होतं. अशीच तर इतकी वर्षं गेली होती.

त्या प्रश्नाला तिसरंही उत्तर देता येतं. उरलेल्या सगळ्या ठिकाणी, न विचारता. ते मी कधी दिलं नव्हतं. या वेळी दिलं आणि लगेच फाइल जतन केली. एखाद्या ठिकाणी तो शब्द हवाही असेल. असू दे.

पानं छापून आणली. वर एक चिठ्ठी ठेवली, "वनजाक्षी, उशीर झाला. मुलींना वाचायला दे. कुठे अडलं तर मला विचार, या वेळी उत्तर येईल."

बसवनगुडीच्या पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट तोललं. "घेणाऱ्यांचा फोन नंबर?"

"माझ्याकडे नाही."

"बरं, पत्ता नीट आहे. पोचेल." त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.