तेरेसाच्या भावाचं नाव

आमच्या ग्लासगोच्या मंडळात पाहुण्यांचा परिचय म्हणजे निव्वळ चऱ्हाट. गाव कुठलं, वडील काय करायचे, भाऊ किती, बहिणी कुठे दिल्या, सगळं वाचून झाल्याशिवाय पद्माकर डॉक्टर नारळ काही हातात देत नाहीत. एरवी मला त्याचा नुसता कंटाळा यायचा. त्या शनिवारी मात्र धडकी भरली.

पाहुणी होती तेरेसा, चिलीची लेखिका. तिकडे लष्कराचं राज्य आल्यावर ती जीव मुठीत धरून निघाली ती इथे पोहोचली. तिच्या संध्याकाळच्या वर्गात मी स्पॅनिश शिकले, मग तिच्या कथा मराठीत आणल्या. १९८६ साली ते पुस्तक पुण्याहून छापून आलं, त्याचंच आज प्रकाशन. तेरेसा मोरा हे टोपणनाव. खरं नाव फक्त मला ठाऊक होतं, आणि तिचा भाऊ एमिलिओ आराया अजून तिकडेच शाळामास्तर आहे, हेही. ही त्याची बहीण असं तिकडे कळलं, तर त्याला उचलून नेतील. म्हणून मी सख्ख्या नवऱ्यालाही हे सांगितलं नव्हतं.

हॉलमध्ये खुर्च्या मांडताना डॉक्टरांच्या बायकोनं, शशीनं, सहज सांगितलं की ह्यांचा परिचय या वेळी झकास झालाय. सकाळी ह्यांनी फोनवर 'घरी कोण कोण असतं?' असं विचारलं, तर तेरेसानं भावाचं नावगाव सगळं दिलं. खरं आडनावसुद्धा. एकटी बाई, कोणी आपुलकीनं विचारलं आणि बोलून गेली असेल. पण डॉक्टरांना अक्कल नको? हॉलच्या फोनवरून त्यांच्या घरी फोन लावला, तर कोणी उचलेना. ते तेरेसाला आणायला निघाले होते.

तेवढ्यात दारात एक अनोळखी गोरा माणूस. ओला रेनकोट, खांद्याला कॅमेरा. पेपरकडून आलोय म्हणाला. आमच्या दिवाळीला कधी पेपरवाला फिरकला नाही, तो आजच बरा उगवला! वर म्हणे, लेखिकेला तिच्या घरच्यांबद्दल विचारायचंय. अशा कार्यक्रमांना नावं टिपायला कोणीही येऊ शकतं, असं तेरेसाच म्हणायची. कार्यक्रम कॅन्सल झालाय, असं मी तोंडभर हसून सांगितलं. तो खांदे उडवून पावसात निघून गेला, आणि मला जरा हायसं वाटलं.

डॉक्टर उशिरा आले आणि तेरेसाला घेऊन थेट स्टेजवर गेले. मी खुणा केल्या, डोळे वटारले. त्यांनी हसून हात हलवला. शाल झाली, मग खिशातून कागद निघाला. तिचं गाव झालं, आईवडील झाले.

"आणि पाहुण्यांचे धाकटे बंधू, श्री. एमिलिओ आराया..."

मी स्टेजवर धावलेच. "अहो डॉक्टर, प्लीज, इथेच थांबा."

तेरेसानं माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता.

"वाचू दे त्यांना, उल्का," ती हळूच म्हणाली. "एमिलिओला मंगळवारी उचललं. मला आज सकाळी कळलं."

मी तिच्याजवळ सरकले. ती बोलतच होती.

"इतकी वर्षं त्याचं नाव लपवलं. आता लपवलं, तर तो गुपचूप मरेल. जगाला नाव कळलं की मारणारे जरा बिचकतात. म्हणून मीच पेपरवाल्याला बोलावलंय, सोमवारच्या अंकात छापतो म्हणालाय." ती हॉलभर नजर फिरवत होती. "कुठे बसलाय गं तो?"

मी पळत सुटले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. त्यानं समोरच्या चिप्सच्या दुकानात आसरा घेतला असावा, कारण तो आत्ता कुठे रस्त्याच्या टोकाला बसपाशी पोहोचला होता. निऱ्या हातात धरून मी धावले. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

बसचं दार उघडलं. मग जे नाव मी कधी घरात कुजबुजलेही नव्हते, तेच बेंबीच्या देठापासून ओरडले. एमिलिओ आराया. पुन्हा ओरडले, आणि पुन्हा. येणारेजाणारे वळून बघायला लागले. बसच्या पायरीवर चढलेला रेनकोट थांबला.