एक वेढा आधी

फाल्गुनातली दुपार होती. मिरजेच्या आकाशाला त्या दिवशी रंग नव्हता. नुसती एक पांढुरकी, थरथरती झळाळी होती. कारखान्याच्या अंगणात भोपळे उन्हाला ठेवले होते. पोटातून पोकळ, सोनपिवळे, मस्तकांविना बसलेल्या माणसांसारखे निश्चल. वारा आला की त्यांच्या पोकळीतून एक खोल हुंकार निघे. वारा गेला तरी हुंकार थोडा वेळ मागे राही.

आप्पा, म्हणजे विश्राम कारीगर, या भोपळ्यांचे तंबोरे करीत. आणि आतल्या खोलीत त्यांची मुलगी रेवती आपल्या बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड करीत होती. बँडचं नाव ‘जांभळं हवामान’. अल्बमचं नाव ‘पाण्याखालचं ऊन’. गिटार अमोघची, कीबोर्ड इम्तियाजचा, गळा रेवतीचा, आणि सगळ्यांमागे आप्पांनी केलेला तंबोरा. जुन्या यंत्रावर रीळ फिरत होतं, तपकिरी फीत सर्पमंद गतीनं सरकत होती. कारण त्यांना हवा असलेला तो ओलसर, विरघळता, स्वप्नस्निग्ध ध्वनी संगणकात उमटत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत आप्पा दारात येऊन उभे राहिले. अंगावर लाकडाचा भुसा, भुवयांवर लाकडाचा भुसा.

“इम्त्या, हे गाणं हाय का ताप चढलाय रं? तापात असंच ऐकू येतंय. भिंती जवळ येत्यात, लांब जात्यात.”

“आप्पा, हेच छापू का कव्हरवर? ‘ऐकताच ताप चढेल’?”

“छाप की. खाली माझं नाव घाल, डॉक्टर म्हणून.”

सगळे हसले. रेवतीही हसली. तो शेवटचा साधा दिवस होता, आणि साध्या दिवसांना आपण शेवटचे आहोत हे कळत नाही.

तंबोऱ्याचा आवाज घोडीवर ठरतो. तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या पाटाला घोडी म्हणतात. ती घासून, तारेखाली सुताचा एक धागा सरकवून, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे, सूर फुलेपर्यंत बसायचं असतं. त्या फुलण्याचं नाव जवारी. आप्पांचे हात अजून तरुण होते, पण कान म्हातारे झाले होते. सुराच्या कडेची ती झिरमिरीत, रुपेरी झालर त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. हे त्यांनी कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या रेवतीला. नऊ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसे, डोळे मिटून. ते धागा सरकवीत. ती म्हणे, “मिटली.” ते पुन्हा सरकवीत. ती म्हणे, “फुलली.” बापाच्या हातांना लेकीचे कान जोडलेले होते, आणि त्या जोडीतून निघालेले तंबोरे दूरदूरच्या मैफलींत गुणगुणत होते.

दुपारी चार वाजता, अल्बममधल्या सगळ्यांत लांब गाण्याच्या मधोमध, अंगणातून हाक आली.

“रेवे, जरा ये गं. फुलली का बघ.”

रेवती गात राहिली. रीळ फिरत राहिलं. हाक पुन्हा आली नाही.

संध्याकाळी आप्पांनी स्वतःच तिला सोडवलं. “कानाला ते हेडफोन लावलं हुतंस न्हवं? मग कुठनं ऐकू येणार,” ते म्हणाले. “लावला मी धागा अंदाजानं.” तिनं मान हलवली. नुसती मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा पहिला घोट घेतल्यावर, आप्पांचं हृदय थांबलं.

गाणी पूर्ण झाली होती. इम्तियाजनं रीळ सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळलं, अगदी नीट, अगदी मायेनं, जसं कुणाचं धोतर घडी करून ठेवावं. आणि कपाटात ठेवून दिलं. चार महिने ते अंधारात होतं. वेढ्यावर वेढा, वेढ्यावर वेढा, श्वासही न घेता.

चार महिन्यांनी ते तिघे पुन्हा त्या खोलीत बसले. अल्बम सोमवारी द्यायचा होता. बाहेर ढगाळ दुपार, जुन्या काचेसारखी हिरवट. अमोघनं लांब गाणं रिळावरून संगणकात उतरवलं आणि लावलं. तंबोऱ्याची गुंजारवती नदी, तिच्यावर कीबोर्डचे जांभळे वलयाकार तरंग, आणि तरंगांखाली, फार खाली, कुणीतरी कुजबुजलं.

*रेवे, जरा ये गं.*

मग दीड श्वासानंतर, त्याच स्वरात, स्पष्ट, भरघोस, उन्हातून आलेली, तीच हाक.

अमोघनं आवाज वाढवून पुन्हा लावलं. आता कुजबुजीच्याही आधी, दीड श्वास आधी, आणखी एक कुजबूज होती. धुक्यातलं धुकं. आप्पा हाक मारायच्या आधीच हाक मारीत होते. ओठ उघडायच्या आधीच निघाले होते. दुरून, फार दुरून, एकेक वेढा ओलांडीत, तिच्याकडे येत होते.

इम्तियाजनं बाहेर जाऊन ओळखीच्या एका जुन्या रेकॉर्डिस्टला फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

“चूक माझी आहे, रेवती. रीळ उलटं, शेवट बाहेर राहील असं गुंडाळून ठेवायचं असतं. जुने रेडिओवाले ओरडून ओरडून सांगायचे म्हणे. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. माझ्यासारखं गुंडाळलं तर सावली आधी येते. माणूस नंतर.”

“काढून टाक,” रेवती म्हणाली.

“सावली?”

“हाक. सगळी.”

“अगं, वेडी का काय तू?” इम्तियाज म्हणाला. “आप्पा आहेत ते. मी तर म्हणतो, अल्बमची सुरुवातच त्यानं करू.”

“माझा गळा आहे, माझा बाप आहे. काढ.”

त्यांना वाटलं, हे दुःख आहे. दुःखाशी वाद घालत नाहीत. अमोघनं मान खाली घालून हाक कापली. स्वच्छ, सफाईदार, एखाद्या कुशल शस्त्रक्रियेसारखी. जागा तंबोऱ्याच्या दुसऱ्या गुंजारवानं भरली. मग गाणं पुन्हा लावलं.

सावल्या राहिल्या. तंबोऱ्याच्या पोतात त्या इतक्या खोल विणलेल्या होत्या की त्या काढायच्या तर तंबोराच काढावा लागला असता. *रेवे*, धुक्यातून. *रेवे*, थोडं जवळून. आणि मग, जिथं माणूस यायला हवा, तिथं कुणीच नाही. देहाविना चालत आलेली सावली उंबऱ्याशी येऊन थांबे. तिथं नुसती वाट पाहणारी, रुंद, निळी पोकळी.

आणि त्या पोकळीत रेवतीचा आवाज गात होता.

अमोघनं भुवया आक्रसल्या. तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला.

“रेवती, इथं तुझा सूर हलतो.”

ती पडद्याकडे बघत राहिली.

“अर्धी मात्रा. आधी हाकेखाली झाकलेला होता. आता उघडा पडलाय. बघ, इथं तू थांबतेस. थांबतेस, आणि मग पुढे जातेस.” त्यानं तिच्याकडे पाहिलं, त्यात आरोप नव्हता, कारागिराचं कुतूहल होतं. “कशाला थांबलीस?”

खोलीत हिरवा उजेड तळ्याच्या पाण्यासारखा हलत होता. भिंती जवळ आल्या, लांब गेल्या. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ पसरलेली होती, डोंगररांगेसारखी, आणि डोंगररांगेच्या मधोमध एक बारीकशी खिंड. इतकी बारीक की तिच्यातून एकच माणूस येऊ शकला असता. इतकी बारीक की ती क्षणात बंद करता आली असती. तिनं ती बंद केली होती.

“परत घाल ती हाक,” रेवती म्हणाली. “जिथं होती तिथंच. आणि माझा सूर नीट करू नकोस. तसाच राहू दे, हललेला.”

अमोघचा हात चालू लागला. इम्तियाज उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. गाणं सुरू झालं. नदी आली, जांभळे तरंग आले. पहिली सावली आली, दुसरी सावली आली. आणि मग सावल्यांच्या मागून, भुशानं माखलेली, उन्हात न्हालेली, आपली पूर्ण उंची घेऊन हाक आली.

रेवती उभी राहिली. तिनं बोलायला सुरुवात केली ती त्या दोघांकडे न बघता, हाक जिथून आली होती त्या दाराकडे तोंड करून, हळू, एकेक शब्द ठेवीत.

“ऐकू आलं होतं, आप्पा. हेडफोन एकाच कानावर होता, दुसरा कान मोकळा होता. तुम्ही हाक मारलीत, मला ऐकू आली, आणि मी गात राहिले.”