हलकी गाडी

आमच्या मुलीला, टेसाला, जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याला, ग्लिनला, पहिल्यांदा गाडी चढावरून आत ढकलता आली नाही.

गाडी ढकलायची आमची जुनी रीत. शेजारच्या प्यूबाई रात्रपाळी करायच्या आणि दिवसा झोपायच्या. आमच्या गाडीचा आवाज म्हणजे पिंपात खिळे घालून हलवावेत तसा. म्हणून जाताना गाडी उतारावरून कोपऱ्यापर्यंत नुसती सोडायची आणि तिथं चालू करायची. येताना फाटकाशी बंद करायची, मग ग्लिन एक हात स्टिअरिंगवर ठेवून, खांदा लावून ती गॅरेजात न्यायचा. एकट्या माणसाला हलावी इतकीच ती होती. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढं मोडीतल्या फोर्डचं इंजिन, दोन बसक्या सीटा आणि वर आभाळ. खोक्यांतून सुट्या भागांत आली होती, जोडली आम्ही दोघांनी. मी पन्नाशीत वाचायला शिकले आणि सबंध वाचलेलं माझं पहिलं पुस्तक म्हणजे तिच्या जोडणीचं. ग्लिन गाडीखालून ओरडायचा, "बेरिल, पुढचं वाच!" मी अक्षरं लावत बसले की म्हणायचा, "सावकाश. मी कुठं जातोय?"

क्लन गावच्या रस्त्याला लागलं की मला बाकी काही आठवायचं नाही. बसणं इतकं खाली, की हात बाहेर सोडला तर डांबराला लागेल. कुंपणापलीकडच्या मेंढ्या आमच्याकडे वरून बघायच्या. ओल्या नेच्याचा वास, शेणाचा वास, तापलेल्या तेलाचा वास. वळण आलं की ग्लिनच्या मनात यायचं आणि गाडी वळलेली असायची. मी तोंडानं "हळू, मेल्या, हळू!" ओरडायचे आणि मनात म्हणायचे, अजून.

त्या दिवशी मात्र तो फाटकाशी धापा टाकत उभा राहिला.

"गाडी जड झालीय," तो म्हणाला.

"गाडी कशी जड होईल? खाते-पिते का ती?"

"वर्षानुवर्षं काहीबाही लावत गेलो ना. काढायला पाहिजे."

मी मागून हात लावला, तेव्हा कुठं ती आत गेली. मला त्यात काही वाटलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, लागते धाप.

तो सगळा हिवाळा त्यानं गॅरेजात काढला. आधी मागं अडकवलेलं जादा चाक गेलं. मग जुनी बॅटरी जाऊन एका हातात उचलता येईल अशी नवी आली. पुढच्या काचेच्या जागी प्लॅस्टिकचे दोन छोटे पारदर्शक तुकडे आले, आणि पत्र्याचे मडगार्ड जाऊन कार्बन फायबरचे, कागदासारखे. प्रत्येक काढलेली वस्तू तो माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणून ठेवायचा आणि लहान मुलासारखा आकडा वाचून दाखवायचा. जानेवारीत त्यानं हीटर काढला तेव्हा मात्र मी भांडले.

"माझे पाय गारठतील की. तोच एक माझा होता या गाडीत."

"चार किलोचा आहे तो."

"मग मलाच काढ. मी बासष्ट किलोची आहे!"

तो हसला नाही. एरवी हसला असता.

जेवणही कमी केलं होतं त्यानं. रविवारचं भाजलेलं मटण तसंच ताटात ठेवायचा. मी काही बोलले तर आमच्या गाड्यांच्या क्लबातला जुना विनोद सांगायचा, की गाडीचं सगळ्यात स्वस्तात उतरणारं वजन म्हणजे ड्रायव्हरच्या पोटावरचं. पाच किलो उतरवलेत म्हणायचा. कपड्यांवर कपडे घालायचा, वरून तो ढगळ डगला. गॅरेजात थंडी असते म्हणायचा. आणि मी विश्वास ठेवला.

मार्चमध्ये मर्विन त्याचे चार वजनकाटे घेऊन आला. मर्विन आमच्या क्लबातला, ग्लिनचा चाळीस वर्षांचा दोस्त. एकेका चाकाखाली एकेक काटा ठेवायचा, ड्रायव्हरला आत बसवायचं आणि चारी कोपऱ्यांवर भार नीट वाटला जाईपर्यंत स्प्रिंगांच्या कड्या फिरवत राहायच्या. इतक्या हलक्या गाडीला माणसाच्या वजनानं फार फरक पडतो. माणूस बदलला की जुनी बसवणूक फुकट जाते.

आकडे वाचायचं काम माझं. आधी रिकामी गाडी. गेल्या वर्षीपेक्षा एकतीस किलो कमी.

"वा रे पठ्ठ्या!" मर्विन म्हणाला. "आता वाऱ्यानं उडाली तर मला बोलावू नकोस. बस आत."

ग्लिन आत उतरला तसं काहीतरी खणकन वाजलं. मर्विननं मान तिरकी केली.

"काय रे ते?"

"कुठं काय."

"खिशात पाने ठेवून काट्यावर बसलायस? तू? अरे, परवा त्या पोराला तूच झापलंस ना, किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेव म्हणून! काढ, काढ."

"राहू दे. थोड्याचा काय फरक पडतो?"

मर्विन ते ऐकून हसायलाच लागला. चार किलोच्या हीटरसाठी बायकोशी भांडलेला माणूस थोड्याचा काय फरक पडतो म्हणतोय! त्यानं वाकून स्वतःच ग्लिनच्या डगल्यात हात घातला. मोठा पाना निघाला. हातोडीचं डोकं निघालं. मग शिशाची एक लगड निघाली, फडक्यात गुंडाळलेली. दुसऱ्या खिशातून तशीच आणखी एक. तोवर मर्विनचं हसू थांबलं होतं.

"काय आलं, बेरिल?" त्यानं हळूच विचारलं.

मी आकडा वाचला. त्यातून रिकामी गाडी वजा केली. गेल्या वर्षी ग्लिन चौऱ्याऐंशी किलोचा होता. आता एकाहत्तर उरला, तोही तीन स्वेटरांसकट.

मी पुन्हा वाचून पाहिलं. वाचण्यात माझी चूक व्हायची कधी कधी. त्या दिवशी झाली नव्हती.

"गाडी जड झाली नव्हती," मी म्हणाले.

ग्लिन समोरच बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू रस्त्यातच आहे.

"सप्टेंबरात कळलं," तो म्हणाला. "कॅन्सर आहे, स्वादुपिंडात. औषधं घेतली तर थोडे महिने वाढतील म्हणाले. पण ते पडून काढायचे. मला एक उन्हाळा गाडी चालवायचीय. टेसाच्या मुली नुकत्याच झाल्या होत्या, घरात सगळे आनंदात. म्हटलं, मी एकट्यानं गाडी आत नेतोय तोवर कुणाला सांगायची गरज नाही."

"माझा हीटर काढलास. पण मला सांगितलं नाहीस."

"हो."

मर्विननं कड्या फिरवायचा पाना उचलला. म्हणाला, "कोणत्या वजनावर बसवू, ग्लिन?"

"गेल्या वर्षीच्या."

"आहे त्या वजनावर बसव," मी म्हणाले. "आणि थांब, मी पण बसते. ही गाडी एकट्याची कधीच नव्हती."

मी शेजारच्या सीटमध्ये उतरले. आकडे मर्विननंच वाचले. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून होतो आणि तो एकेका चाकाशी गुडघे टेकून कड्या फिरवत होता. मध्ये एकदा त्यानं बाहीनं नाक पुसलं. ग्लिन म्हणाला, "माझ्या पत्र्यावर गाळू नकोस, गंजेल."

"ॲल्युमिनियम गंजत नाही, गाढवा."

दुसऱ्या दिवशी मर्विननं हीटर परत बसवला.

एप्रिलभर आणि मेमध्ये आम्ही बाहेर पडत राहिलो. गाडी कधी नव्हे इतकी सुरेख धावत होती. वळणात जराही झुकत नव्हती. ग्लिन दर वेळी म्हणायचा, "बघितलंस?" आणि मी म्हणायचे, "बघितलं." पण दर खेपेला रस्ता तोकडा होत गेला. आधी क्लनपर्यंत, मग पुलापर्यंत, मग चर्चपर्यंत. क्लच दाबताना तो ओठ चावायचा.

मेच्या अखेरीस एका दुपारी चर्चपासून परत आलो आणि फाटकाशी त्यानं गाडी बंद केली. उतरायला गेला, पण उठता येईना. मी म्हटलं, बस. तू स्टिअरिंग धर. मी मागून खांदा लावला. गाडी हलली. त्यानं हिवाळाभर कमी केलेलं सगळं वजन, आणि त्याचं कमी झालेलं. तो आत बसलेला असतानाही माझ्या एकटीच्यानं ती चढावर जात होती.

अर्ध्यावर प्यूबाई गाऊनवरच बाहेर आल्या. केस विस्कटलेले, झोपेतून उठलेल्या.

"चालू करून न्या ना आत," त्या म्हणाल्या. "कशाला ढकलताय? मला नाही होत त्रास."

ग्लिननं मान हलवून त्यांचे आभार मानले. त्या आत गेल्यावर मला म्हणाला, "बावीस वर्षं शिव्या घातल्या त्या बाईनं मला. आता बघ." मग म्हणाला, "ढकल, बेरिल. चालू नको करू."

मी ढकलत वर नेली. त्यानंतर तो गाडीत बसला नाही.

माझा नवरा ग्लिन प्रॉसर त्याच उन्हाळ्यात, जुलैच्या एकोणीस तारखेला, सकाळी, घरी वारला.