एका हसण्याची चार दप्तरं

कात्रीच्या टोकाखाली भुवई होती. म्हणजे आधी ती भुवई वाटलीच नाही — नुसते ठिपके, काळे, तांबडे, मधूनच निळसर, कुणी रंगपेटी सांडून ठेवावी तसे... मग तिनं मान मागे घेतली आणि ठिपक्यांची भुवई झाली, भुवईत ती तुटकी जागा दिसली — ठिणगी उडाली होती तिथं, पुन्हा केस म्हणून आले नाहीत — आणि भुवईखाली तिच्या घरचा माणूस, कापणीच्या टेबलावर उताणा पडून, तोंडभर हसत होता.

"अगं बाई! हे तर आपल्या मास्तरीणबाईंचे 'हे'!" थोरली मशीन थांबवून उठलीच. शिवणाऱ्यांत सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली; आणि आखणी-कापणी हिच्याकडं, म्हणून ही मास्तरीणबाई. "कापा, कापा! नवऱ्याच्या तोंडावरून कात्री फिरवायची संधी काय रोज येते?"

शेडभर हशा पिकला. तीही हसली; पण कात्री बोटांत तशीच राहिली.

विमानतळानं जुन्या पार्सलच्या शेडमध्ये ही शिवणाची खोली काढून दिली होती — शेजारच्या वस्तीतल्या बायकांना काम, आणि उतरवलेल्या फ्लेक्सची दप्तरं करून जवळच्या शाळांना. देखरेखीला सामाजिक जबाबदारी विभागातली एक तरतरीत मुलगी येई. बायका तिला नुसतं 'जबाबदारी' म्हणत. तिचा एकच नियम कडक होता : फ्लेक्स अखंड बाहेर न्यायचा नाही. कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर विमानतळाचं भलंमोठं 'सुस्वागतम्' झळकलं होतं, तेव्हापासूनचा. आणि बायकांचा आपला एक नियम : डोळ्यावरून कात्री न्यायची नाही. म्हणून शाळेच्या वाटेवर कुणाच्या पाठीवर एक अख्खा डोळा, कुणाच्या पाठीवर अर्धं हसू चालत जाताना दिसे.

या चेहऱ्याची चार दप्तरं निघणार होती. आजच संध्याकाळी ती वाटायची होती. आणि आजच, दुपारी घरी जेवायला गेलं की, तिला नवऱ्याला ते मनातलं एकदाचं बोलायचं होतं.

दुपारीच, त्याआधी नाही. सूर्य माथ्यावर येईपर्यंत कुणाला कडू शब्द बोलायचा नाही, हे तिचं लग्नाआधीपासूनचं व्रत. 'दुपारनंतर व्याजासकट ऐकवतेसच की,' असं ते म्हणत... म्हणत असत. विमानतळाच्या अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यापासून तेवढंही नाही. खिडकी आणि ते, ते आणि खिडकी. सकाळी देवापुढं दिवा लावून तिनं चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "संध्याकाळी या ना, दप्तरं वाटायला." खिडकीवरची नजर न काढता ते म्हणाले, "मी कशाला? मला कोण ओळखतं आता तिथं?" — घरी तरी कुठं ओळख देता, हे जिभेवर आलेलं तिनं चहाबरोबर गिळलं. पण गिळलेलं पचतंच असं नाही. हा चेहरा स्वागताच्या फ्लेक्सवर छापून विमानतळाच्या आगमनाच्या दारावर टांगला गेला, तेव्हापासून ते घशात होतं : येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांसाठी असं हसलात, त्या फोटोवाल्याला हे हसू दिलंत, मग मला का नाही? मी त्या दारातून कितीदा गेले असेन... मान खाली घालून गेले. आपल्याच माणसाकडं पाहुण्यासारखं काय बघायचं?

तिनं फ्लेक्स सरळ केला, सुरकुती काढायला तळहात फिरवत खाली नेला, आणि खालची गुंडाळलेली कडा उलगडली. हा भाग तिनं कधी पाहिला नव्हता. दारावर असताना तो कुंड्यांच्या झाडांमागे गेलेला असे. गणवेशाची बाही, मनगट, आणि हातात... डबा. कडीला निळी दोरी गुंडाळलेला.

ती दोरी मी गुंडाळली होती. कडी हाताला चावायची त्यांच्या.

पण डबा तर ती घेऊन आली होती फोटोच्या दिवशी, ते घरी विसरले म्हणून! आणि फोटो ती निघून गेल्यावर काढला असणार, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. ते खांबासारखे उभे होते, फोटोवाला घामाघूम झालेला — "साहेब, हसा ना जरा, आग लागल्यासारखं काय बघताय?" — आणि ते शांतपणे, "आग लागल्यावर मी असा नसतो दिसत." तिनं डबा त्यांच्या हातात दिला, तर फोटोवाल्यानं उजेड पाडायची ती चंदेरी चकती तिच्याच हातात कोंबली, "वहिनी, एवढं धरा बाजूला." तेवढ्यात एका विमानाचा वारा आला, चकती पतंगासारखी उलटली, तिच्या तोंडावर बसली, आणि ती चकतीसकट दाणकन खाली... चंदेरी अंधारात तिनं ते हसणं ऐकलं. चारचौघांत आपला माणूस आपल्याला हसला! ती पदर झटकत जी निघाली, ती मागे न बघता. दोन दिवस बोलली नव्हती. मनात लाजच तेवढी राहिली, बाकीचं सगळं गळून गेलं.

ती पुन्हा वाकली, ठिपके झाले. मागे झाली; डोळे झाले. कॅमेऱ्याकडं नव्हतेच ते. जरासे डावीकडं, जरासे खाली... चकतीसकट पडलेली बाई जिथं असेल, तिथं. हे खिजवणारं हसणं होतं का? तिनं पुन्हा पाहिलं. हातातला डबा त्यांनी अर्धवट पुढं केलेला होता, खांदा वळलेला, एक पाऊल जणू उचललेलं... धावत सुटायच्या आधीचं.

मी थांबलेच नाही ना.

"काकू, झालं का?" जबाबदारी दारात आली, आणि टेबलावर बघून तिचा आवाज खाली आला. "अय्या... हे काका? राहू दे हवं तर. मी विचारून बघते वर."

"नको गं. नियम तो नियम." तिनं खडू उचलला. "संध्याकाळी एक खुर्ची जास्त ठेवशील?"

"काका येणारेत?"

"नाही म्हणालेत." तिनं डोळ्याच्या बाहेरून रेघ धरली. "तरी ठेव."

थोरली मागून पुटपुटली, "निम्मं हसू माझ्या नातवाला द्या हो, घरात कुणी हसत नाही आमच्या," आणि तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. मशिनी थांबल्या, डबे निघाले. व्रत सुटलं होतं. आता काहीही बोलायला ती मोकळी होती. सवयीनं तिनं घशाशी चाचपून पाहिलं — वर्षानुवर्षं जपलेलं ते वाक्य, कसं सुरू होत होतं बरं... मला का नाही, असं काहीतरी... पण पुढचं लागेना. खडूची रेघ भुवईच्या तुटक्या जागेपाशी येऊन थांबली होती, आणि ती डावीकडं, जराशी खाली, त्यांची नजर जात होती तिथं सरकून उभी राहिली.