शालिग्रामच्या जागेवरचं कवेलू

या, अंमळ जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं या, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. पूर्वरंग लांबवत नाही. बुक्का लावून झाला, टाळ खाली ठेवले, असं समजा आणि थेट आख्यानाला कान द्या. आख्यान एका मास्तराचं आहे, एका माउलीचं आहे आणि मातीच्या एका कवेलूचं, म्हणजे छपरावरच्या कौलाचं आहे. ऐकून उठाल तेव्हा हात आपोआप जोडले जातील, एवढं वचन देतो.

किन्हीराजापासून कोसभरावर एक गाव होतं. साल एकोणीसशे सात. गावाच्या तोंडाशीच शाळा होती. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आत पन्नासाला थोडी कमी पोरं आणि त्यांना शिकवायला नानाजी मास्तर. मास्तर उंचेपुरे, आवाज असा की पाढे सांगू लागले की पाणवठ्यावरच्या बायाही सोबत म्हणायच्या. पण गेलं वर्षभर त्या आवाजाला काहीतरी झालं होतं. आणि मास्तर घरी जाताना सरळ वाट सोडून मारुतीच्या मागच्या बोळातून जायचे. सरळ वाटेवर तुळसाबाईचं घर होतं.

त्याचं कारण आधी सांगतो.

आदल्या साली पिलेग, म्हणजे प्लेग, आला होता. गावानं माळावर कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्या घातल्या, हिवाळा तिथंच काढला. माघात ताप थांबला. दहा दिवसांत कोणी पडलं नाही, तेव्हा वरून हुकूम आला, शाळा उघडा. मास्तरांनी कुलूप काढलं, झाडून घेतलं, पोरं बसवली. पहिल्याच दिवशी, पाढे चालू असताना आढ्यावरून एक मेलेला उंदीर धप्पदिशी खाली पडला. पोरं किंचाळली. मास्तर म्हणाले, "मांजरानं मारला असन." आणि पुढच्याच रांगेत बसलेल्या पोराला सांगितलं, "शालिग्राम, शेपटीले धर अन् फेकून दे बाहेर."

शालिग्राम नऊ वर्षांचा. विधवा तुळसाबाईचा एकुलता एक मुलगा. त्याच्या पाठची पंचफुला, भावाच्या मागं मागं शाळेत येऊन बसणारी. मास्तरांनी आपल्याला काम सांगितलं याचा त्याला केवढा आनंद! उंदीर शेपटीनं उचलून मिरवत मिरवत बाहेर नेला. चौथ्या दिवशी अंगात ताप, काखेत गाठ. सहाव्या दिवशी पोर गेलं.

शाळा पुन्हा बंद झाली, गाव पुन्हा माळावर गेलं. लोक म्हणाले, शाळेत उंदीर पडला, पोरानं खेळता खेळता उचलला असेल. मास्तरांनी ते ऐकलं आणि काही बोलले नाहीत. पोरांनी घरी काय सांगितलं, काय नाही, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. तेव्हापासून मारुतीच्या मागचा बोळ.

आता या सालाकडं या. कार्तिकात उकंडराव पाटलांच्या कोठारात उंदीर पडू लागले. गाव मागच्या सालावरून शिकलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यानं माळ गाठला. मास्तर मात्र गेले नाहीत. त्यांनी मंगरूळपीरहून फय्याजमियांना बोलावलं. फय्याजमिया कवेलू फेरण्यात, म्हणजे जुनं छप्पर उतरवून नव्यानं बसवण्यात, नाव असलेला माणूस. आल्या आल्या वर पाहून म्हणाले, "छप्पर तर ठीक हाये मास्तर. काय फेरायचं?"

"फेरायचं नाही. उतरवायचं. सगळं."

"या अल्ला! लोक मले डोक्यावर छप्पर चढवाले बोलावतात, अन् तुमी शाळेचं डोकंच उघडं करून राह्यले?"

"मिया, त्या आढ्यात काय बसलं हाये ते मले दिसत नाही. ऊन पाहीन आता."

चार दिवस दोघांनी कवेलू उतरवले. पाचव्या दिवशी सकाळी मास्तर दारातून आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. पंचवीस वर्षांत ज्या जमिनीनं कधी सूर्य पाहिला नव्हता, तिच्यावर ऊन लोळत होतं. कोपऱ्यातली ओल, आढ्यामागचा काळोख, बिळांची तोंडं, सगळं उघडं पडलं होतं. फळ्याच्या वर सरळ आकाश. एक घार त्या चौकटीतून संथ गेली. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवळात गेल्यावर काढतात तशी.

मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. प्रत्येक पोराच्या बसायच्या जागेवरचं म्हणून एकेक कवेलू बाजूला काढलं, कोळशानं त्यावर पोराचं नाव लिहिलं, कवेलू दोन दिवस उन्हात तापवले आणि बैलबंडीत भरून माळावर नेले. झोपडी झोपडी फिरून वाटले. "हे तुह्या डोक्यावरचं कवेलू. सांभाळ. शाळा उघडन तवा घेऊन ये. तू येशीन तवाच तुह्या जागेवर छप्पर लागन."

पोरं हरखली. कुणी कवेलूपुढं बसून पाढे म्हणू लागलं. कुणाच्या आजीनं त्यात निखारे घालून देवापुढं धूप केला. एका घरी तर दुधावर झाकण म्हणून लागलं, त्यावरून नातू दोन दिवस आजीशी बोलला नाही.

तुळसाबाईच्या झोपडीपुढं मास्तर दुरूनच थांबले. फय्याजमियांनी पंचफुलाचं कवेलू नेऊन दिलं. तुळसाबाईनं ते घेतलं, मास्तरांकडं एकदा पाहिलं आणि आत गेली.

बंडीत एक कवेलू उरलं. त्यावर शालिग्रामचं नाव होतं. मास्तरांनी ते लिहिलं तर होतं, पण द्यायचं कुणाला? घोंगडीत गुंडाळून परत आणलं.

पुढं दोन महिने मास्तर त्या बिनछपराच्या शाळेतच राहिले. जमीन खणून जुनी माती बाहेर फेकली, नवा मुरूम घातला, भिंतींना चुना दिला. पौषात शेवटचा मेलेला उंदीर सापडला. तो त्यांनी चिमट्यानं उचलून रॉकेल टाकून जाळला आणि तिथून दिवस मोजायला लागले. कोपऱ्यात रोज मूठभर ज्वारी टाकायचे. ज्वारी तशीच पडून राहायची. वरून पत्र आलं, शाळा कधी उघडता? मास्तरांनी उत्तर धाडलं, उंदीर सांगतील तेव्हा. त्या पत्राचं वर काय झालं असेल देव जाणे.

आणि एका सकाळी ज्वारी कमी झालेली दिसली. मास्तर श्वास रोखून बसले. उन्हाची तिरीप भिंतीवरून उतरत होती, तिच्यात एक उंदीर आला. जिवंत! मिशा हलवत, दोन पुढच्या पायांत दाणा धरून कुरतडू लागला. शेतातून आला होता, गुबगुबीत होता, डोळे मण्यासारखे लखलखत होते. एरवी ज्याच्यामागं माणूस वहाण घेऊन धावतो, त्याच्यापुढं मास्तरांनी हात जोडले. गजाननाचं वाहन ते! ज्यानं मागच्या साली मरण आणलं होतं, तोच आता जगण्याची खबर घेऊन आला होता. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि उंदराला त्याचं काही नव्हतं, तो आपला दाणा खात होता.

एका उंदरावर मास्तर भुलले नाहीत. वीस दिवस थांबले. एकाचे चार झाले, चारही धडधाकट राहिले. तेव्हा ते माळावर गेले.

उकंडराव पाटील पोट धरून हसले. "घ्या! दरसाल उंदीर मारन्यासाठी मांजर पोसतो आमी, अन् मास्तर उंदीर पोसून राह्यले! पाया पडले म्हनतात त्याच्या!"

"पडलो पाटील. तो जगला म्हनून पोरं जगतीन."

पाटलाचं हसू विरलं. झोपड्यांकडं पाहून तो म्हणाला, "माहं काय, मी पाठवीन. पन बाया आयकनार नाही. तुळसाबाईनं पोरगी पाठवली तं साऱ्या पाठवतीन. तिनं नाही पाठवली तं तुमी अन् तुमचे उंदीर बसा पाढे म्हनत."

ऐका आता. दोन महिने थंडीत उघड्यावर झोपलेला माणूस तो, पण तुळसाबाईच्या झोपडीपर्यंतच्या त्या पन्नास पावलांत तो तीनदा थांबला.

तुळसाबाई झोपडीपुढं तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही. "या मास्तर. शाळा बेस झाली म्हनतात."

"झाली. पन मी ते सांगाले नाही आलो."

"मंग?"

मास्तरांचा तो पाणवठ्यापर्यंत जाणारा आवाज, त्याचं आता जेमतेम कुजबुजणं झालं. "मागच्या साली तो उंदीर शालिग्रामनं आपल्या मनानं नाही उचलला. म्या उचलाले लावला. मांजरानं मारला असन म्हटलं, अन् पाह्यलंसुदिक नाही. पोराले काम सांगतलं म्या, बाई. तुमचं पोरगं माह्यामुळं गेलं."

सूप थांबलं. तुरीचे दाणे त्यात जिथल्या तिथं राहिले. झोपडीच्या दारात पंचफुला उभी होती, तिनं आईकडं पाहिलं.

"पंचफुला त्याच्या मागंच बसली होती मास्तर," तुळसाबाई म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं तिनं. दादाले मास्तरनं काम सांगतलं म्हनून. लय खुशीत सांगतलं."

मास्तरांनी झटकन वर पाहिलं. "तुमाले ठाऊक होतं? सालभर? मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलून पोरगं येनार होतं का? गावाले सांगतलं असतं तं गावानं तुमाले हाकलून देलं असतं. मंग इतक्या पोराईले शिकवलं असतं कोनं? पाटलानं?" क्षणभर तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "पन म्या मनात ठरवलं होतं. या मानसानं आपल्या तोंडानं सांगतलं तं पोरगी पाठवीन. नाही सांगतलं तं शाळेचं दार पाहू देनार नाही. ज्याले आपली चूक सांगता येत नाही, त्यानं 'आता भेव नाही' म्हटलं तं मी कसं मानू? रोज तुमाले त्या बोळातून जाताना पाहू मी. म्हनू, आज येतीन, उद्या येतीन. लय दिवस लावले मास्तर तुमी."

मास्तरांनी तिच्या पायांपुढच्या मातीवर कपाळ टेकवलं. वयानं ती त्यांच्या लेकीसारखी होती.

"उठा, मास्तर," ती म्हणाली, "पोरगी पाहून राह्यली." आणि आत जाऊन पंचफुलाचं कवेलू घेऊन आली. घरोघरच्या कवेलूंवरची कोळशाची नावं केव्हाच पुसली गेली होती. हिच्या कवेलूवर पंचफुलाचं नाव काल लिहिल्यासारखं काळंभोर होतं. देवाजवळ ठेवलेलं, कुणाला हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई निघाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कवेलू, बोटाला पंचफुला. मागं पाहिलंसुद्धा नाही. आणि एकेका झोपडीतून एकेक पोर बाहेर पडलं, कवेलू छातीशी धरून. धूप घातलेलं काळं कवेलू आलं, दुधाच्या वासाचं कवेलू आलं. टाळ नाही, मृदंग नाही, पण ती रांग पाहून पाटलानंही पागोटं काढलं. दारात मास्तरांनी प्रत्येकाचे हात राखेनं धुववले, जीभ पाहिली, काख चाचपली. पोरं गुदगुल्यांनी खिदळली. मग एकेक आपापल्या जागेवर हातभर अंतर ठेवून बसलं.

बाकीचं छप्पर फय्याजमियांनी आधीच घातलं होतं. पोरांच्या डोक्यांवर मात्र तेवढी तेवढी भोकं होती आणि प्रत्येकाच्या अंगावर उन्हाचा एकेक तुकडा. नाव पुकारावं, पोरानं कवेलू वर द्यावं, मियांनी ते बसवावं, आणि खालचा उन्हाचा तुकडा मिटावा. असं होता होता एकच भोक उरलं. त्याच्याखालची जागा रिकामी होती.

मास्तरांनी घोंगडीतून ते शेवटचं कवेलू काढलं आणि तुळसाबाईच्या हातात दिलं. तिनं नावावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. पंचफुलानं हळूच सांगितलं, "दादाचं हाये."

वर फय्याजमिया हात पुढं करून थांबले होते.

"नका लावू," तुळसाबाई म्हणाली. "राहू द्या तसंच. तिथून ऊन येऊ द्या."

"बाई, पावसाळ्यात पानी येईल ना," मिया वरून म्हणाले.

"येऊ द्या. त्याले पान्यात खेळाचं लय येड होतं."

मियांनी तोंड फिरवलं. खाली, रिकाम्या जागेवर, उन्हाचा तो तुकडा स्वच्छ पडला होता. पंचफुलानं हात लांब केला, ओंजळ त्यात धरली. साऱ्या शाळेनं पाहिलं, तिच्या इवल्या ओंजळीत ऊन भरलं होतं. मास्तरांनी घसा खाकरला आणि वर्षभरानंतर तो जुना आवाज पुन्हा उठला, "बे एके बे." पाणवठ्यावर कुणीतरी म्हटलं, "बे दुने चार."

त्या साली गावातलं एकही पोर गेलं नाही. पावसाळ्यात त्या जागेवर पितळेचं घंगाळ ठेवत, आणि पाढ्यांच्या मधूनमधून थेंब टपटप वाजत. पुढं नवे मास्तर आले, छप्परही कितीदा फेरलं गेलं, पण फेरणारा प्रत्येक जण ती एक जागा मोकळी सोडायचा. त्या उन्हात कुणी बसत नसे.

तर माझ्या मायबापहो, एवढंच मागतो. कधी कुठं कवेलूच्या फटीतून उन्हाचा कवडसा खाली पडलेला दिसला, तर त्याच्यावर पाय ठेवू नका. घटकाभर थांबा आणि शालिग्रामची आठवण काढा. नऊ वर्षांचं पोर होतं. मास्तरांनी काम सांगितलं, म्हणून खुशीत उठलं होतं.